पॉवर फॅक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यातले वायरमन, मेंटेनन्सची माणसं, नुकतेच डिप्लोमा झालेले विद्यार्थी आणि बिल पाहून चक्रावलेले मालक, हे सगळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे गुंता वाढत जातो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांत सगळीकडे ५० हर्ट्झ आणि थ्री फेजला ४०० व्होल्ट धरले आहेत.

१. पॉवर फॅक्टर म्हणजे नेमकं काय? पुस्तकातली व्याख्या पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही.

एसीमध्ये व्होल्टेज आणि करंट दोन्ही वरखाली होत असतात. हीटरसारख्या लोडला दोघं एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी शून्यावर येतात. मोटरमध्ये तसं होत नाही, करंट थोडा मागे राहतो (याला लॅग म्हणतात). ०.७५ पीएफ (पॉवर फॅक्टर) म्हणजे करंट ४१ अंशांनी मागे. ५० हर्ट्झला एक पूर्ण सायकल २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा उशीर साधारण २.३ मिलिसेकंदांचा झाला.

एवढ्याशा उशिरात होतं काय, तर प्रत्येक सायकलमध्ये काही क्षण व्होल्टेज एका दिशेला आणि करंट उलट्या दिशेला असतो. त्या क्षणी मोटर वीज घेत नसते, परत पाठवत असते. आलेल्या वोल्ट-ॲम्पिअरपैकी खरोखर कामाला लागलेला हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर. साइन वेव्ह स्वच्छ असेल तर तो त्या कोनाच्या कोसाइनइतका येतो, म्हणून त्याला कॉस फाय म्हणतात. वेव्ह स्वच्छ नसेल तर हे समीकरण मोडतं. ते प्रश्न १३ मध्ये.

२. किलोवॉट, केव्हीए, केव्हीएआर असे तीन-तीन आकडे कशाला?

किलोवॉट म्हणजे काम. केव्हीएआर म्हणजे ये-जा करणारी पॉवर. केव्हीए म्हणजे दोन्ही मिळून वायरवर पडणारा भार. तिघांचा काटकोन त्रिकोण होतो, त्यामुळे बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. १०० किलोवॉटचा लोड ०.७५ पीएफला चालत असेल तर ८८ केव्हीएआर आणि १३३ केव्हीए. १०० आणि ८८ मिळून १८८ होत नाहीत, आणि नवशिक्यांची चूक नेमकी इथेच होते.

३. रिॲक्टिव्ह पॉवर काहीच काम करत नसेल तर मोटर ती घेतेच कशाला?

पेल्यातलं पेय म्हणजे किलोवॉट आणि वरचा फेस म्हणजे केव्हीएआर, हे उदाहरण सगळीकडे सापडतं. मला ते कधी पटलं नाही. फेस फुकट जातो, तो नसला तरी चालतं. रिॲक्टिव्ह करंट नसला तर मोटर फिरणारच नाही.

इंडक्शन मोटरच्या रोटरला बाहेरून वायर जोडलेली नसते. स्टेटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार झालं तरच रोटरमध्ये करंट येतो. हे क्षेत्र उभं करायला ऊर्जा लागते, आणि ते ओसरताना ती ऊर्जा परत लाइनवर येते. सेकंदाला शंभर वेळा हा हिशेब होतो: घेतलं, परत केलं. कामासाठी काही खर्च झालं नाही, पण प्रत्येक फेरीला वायर मात्र वापरली गेली.

तेव्हा मोटरला मॅग्नेटायझिंग करंट लागतोच. प्रश्न एवढाच की तो कुठून आणायचा. कित्येक किलोमीटर लांबच्या जनित्रापासून आणायचा, की मोटरच्या शेजारी ठेवलेल्या कॅपॅसिटरमधून? कॅपॅसिटरची ऊर्जा घेण्या-देण्याची वेळ मोटरच्या बरोबर उलट असते. मोटर सोडते तेव्हा तो घेतो, मोटरला हवं तेव्हा तो देतो. पॉवर फॅक्टर सुधारणं म्हणजे ही देवाणघेवाण लांबच्या लांब न करता जवळच्या जवळ करणं. मोटरच्या आत काहीच बदलत नाही.

४. पीएफ कमी असेल तर नुकसान नक्की कोणाचं?

वीज देणाऱ्याचं आणि तुमचं, दोघांचं. प्रश्न २ मधला १०० किलोवॉटचा लोड घ्या. ०.७५ ला १९२ ॲम्पिअर ओढले जातात, ०.९५ ला १५२. काम तेवढंच, करंट ४० ॲम्पिअरने कमी. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून तिथला लॉस ३८ टक्के उतरतो. ट्रान्सफॉर्मरवरचा भार १३३ केव्हीएवरून १०५ वर येतो, म्हणजे नवं मशिन लावायला २८ केव्हीए जागा मोकळी झाली. मला विचाराल तर बिलावरच्या पेनल्टीपेक्षा ही मोकळी झालेली जागा जास्त मोलाची असते. ट्रान्सफॉर्मर बदलायची वेळ आल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही.

५. कॅपॅसिटर लावल्यावर मीटरचे युनिट कमी पडतील का?

किंचित. किलोवॉट-अवर म्हणजे काम, आणि काम तेवढंच आहे. कमी होतो तो फक्त वायरमधला लॉस, आणि तोही मीटरपासून कॅपॅसिटरपर्यंतच्या वायरमधला. समजा तुमच्या आतल्या केबलमध्ये एकूण २ टक्के लॉस होता. पीएफ ०.७५ वरून ०.९५ वर नेला तर तो सव्वा टक्क्यावर येईल. बचत पाऊण टक्का, आणि तीसुद्धा कॅपॅसिटर अगदी मोटरपाशी असेल तर. मीटरशेजारच्या पॅनेलमध्ये बँक (कॅपॅसिटरचा एकत्र संच) बसवली तर आतल्या वायरना त्याचा पत्ताही लागत नाही.

बिल मात्र बरंच उतरू शकतं, कारण आकारणी केव्हीए-अवरवर असू शकते, डिमांड (एका वेळी ओढलेला जास्तीत जास्त भार) केव्हीएमध्ये मोजली जाते किंवा कमी पीएफला वेगळा दंड असतो. "तीस टक्के युनिट वाचतील" असं कोणी सांगितलं, तर किलोवॉट-अवर की केव्हीए-अवर, एवढंच विचारा.

६. घरच्या सॉकेटमध्ये लावायची वीज वाचवणारी डबी मिळते, ती खरी की खोटी?

आत एक छोटा कॅपॅसिटर, एक एलईडी आणि बरीचशी रिकामी जागा असते. घरगुती मीटरवर आकारणी किलोवॉट-अवरने होत असेल तर ही डबी बिल कमी करत नाही. दुकानात दाखवतात तेव्हा क्लॅम्प मीटरवरचा ॲम्पिअरचा आकडा खरंच उतरतो, माणूस त्याच्यावर फसतो. उतरलेला करंट रिॲक्टिव्ह होता, आणि त्याचे पैसे तुम्ही कधी देतच नव्हता.

७. किती केव्हीएआरचा कॅपॅसिटर लागेल, हे कसं काढायचं?

केव्हीएआर = किलोवॉट × (आताच्या कोनाचा टॅन − हव्या असलेल्या कोनाचा टॅन).

टॅनच्या किमती एकदा भिंतीवर लिहून ठेवा: पीएफ ०.७० ला १.०२, ०.७५ ला ०.८८, ०.८० ला ०.७५, ०.८५ ला ०.६२, ०.९० ला ०.४८, ०.९५ ला ०.३३, ०.९८ ला ०.२०. आपल्या १०० किलोवॉटसाठी ०.७५ वरून ०.९५ ला जायचं तर १०० × (०.८८ − ०.३३) म्हणजे ५५ केव्हीएआर.

किलोवॉट कुठला घालायचा, यात खरी गोम आहे. मोटरच्या नेमप्लेटवरचे किलोवॉट शाफ्टवरचे असतात, लाइनमधून ओढलेले नाहीत, आणि मोटर पूर्ण लोडवर क्वचितच चालते. नेमप्लेटची बेरीज करून कॅपॅसिटर घेतला की हमखास जास्त होतो. त्यापेक्षा आठवडाभर लोड रेकॉर्ड करा, दिवसाचा आणि रात्रीचाही. सगळ्यात कमी लोडला लागणारे केव्हीएआर फिक्स ठेवायचे, त्याच्या वरचे स्टेपमध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे आत-बाहेर होणाऱ्या गटांत. विकत घेताना कॅपॅसिटरचं व्होल्टेज पाहायला विसरू नका, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

८. ०.९५ वर का थांबायचं? सरळ १ का करू नये?

०.७५ वरून ०.९५ ला जायला ५५ केव्हीएआर लागले आणि करंट २१ टक्के उतरला. ०.९५ वरून १ ला जायला आणखी ३३ केव्हीएआर लागतील आणि करंट उतरेल फक्त ५ टक्के. शेवटचा टप्पा असा महाग पडतो. शिवाय १ वर बसलेला पीएफ एक मोटर बंद होताच लीडला जातो, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे निघतो. तरीही बिलात १ च्या जवळ राहण्याची सवलत असेल तर ०.९८-०.९९ चं लक्ष्य ठेवायला हरकत नाही. मात्र मग पॅनेलमध्ये लहान स्टेप हव्यात, सगळ्या २५ केव्हीएआरच्या घेऊन भागत नाही.

९. कॅपॅसिटर प्रत्येक मोटरला लावू की मेन पॅनेलमध्ये एकत्र?

मोठी, तासन्‌तास एकसारखी चालणारी मोटर असेल, उदाहरणार्थ पंप किंवा कॉम्प्रेसर, तर तिच्यापाशी. सुरू-बंद होणाऱ्या लहान मोटरांचा घोळका असेल तर पॅनेलमध्ये एकत्र. बहुतेक ठिकाणी दोन्हींचं मिश्रण बरं पडतं.

मोटरच्या टर्मिनलवर लावताना एक मर्यादा पाळायची: कॅपॅसिटरचा करंट मोटरच्या नो-लोड करंटच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नको. नो-लोडला २० ॲम्पिअर घेणारी मोटर असेल तर १.७३२ × ४०० × २० × ०.९, म्हणजे साडेबारा केव्हीएआरच्या आत. कारण असं, की सप्लाय बंद केल्यावरही मोटर जडत्वाने फिरत राहते. शेजारचा कॅपॅसिटर तिला मॅग्नेटायझिंग करंट पुरवत राहिला तर ती जनित्रासारखी वागू लागते आणि टर्मिनलवर व्होल्टेज चढतं. मेन स्विच पाडल्यावर मोटर थांबेपर्यंत पॅनेलचा दिवा जळताना पाहिलाय? ते हेच. व्होल्टेज चढलेलं असताना कोणी पुन्हा स्टार्ट दाबला तर शाफ्टला आणि कपलिंगला जो हिसका बसतो, तो फार महागात पडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. कॅपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या पुढे, म्हणजे मोटरच्या बाजूला जोडला, तर रिलेला कमी झालेला करंट दिसतो. सेटिंग जुनंच ठेवलं तर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल. सेटिंग त्या प्रमाणात खाली आणा.

१०. स्टार-डेल्टा, सॉफ्ट स्टार्टर आणि ड्राइव्ह असलेल्या मोटरला कॅपॅसिटर कुठे जोडू?

स्टार-डेल्टाला मोटरच्या सहा टर्मिनलांवर नको. स्टार सुटून डेल्टा लागण्याच्या मधल्या क्षणात प्रश्न ९ मधला धोका ओढवतो. लाइनच्या बाजूला वेगळ्या कॉन्टॅक्टरवर जोडा आणि डेल्टा लागल्यावर तो आत येऊ द्या. सॉफ्ट स्टार्टरच्या आउटपुटला नको; मोटर पूर्ण वेगात येऊन बायपास लागला की लाइनच्या बाजूचा कॅपॅसिटर आत घ्यायचा. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या) आउटपुटला तर कधीच नाही. तिथे साइन वेव्ह नसते, हजारो वेळा कापलेल्या पल्स असतात, आणि कॅपॅसिटर ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर उडवेल. ड्राइव्हच्या इनपुटला कॉस फाय आधीच ०.९५ च्या वर असतो, तिथे कॅपॅसिटरची गरजच नसते. गरज असते ती चोकची, म्हणजे लाइनमध्ये जोडायच्या कॉइलची.

११. कॅपॅसिटरवर २५ केव्हीएआर लिहिलंय, पण ॲम्पिअर कमी दाखवतो. फसवलं का?

आधी नेमप्लेटवरचं व्होल्टेज वाचा. कॅपॅसिटरची केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. ४४० व्होल्टला २५ केव्हीएआर असलेला नग ४०० व्होल्टवर ८२.६ टक्के, म्हणजे २०.७ केव्हीएआर देतो, आणि लाइनचा करंट ३० ॲम्पिअरच्या आसपास दिसतो. ४४० चा हिशेब धरला तर ३३ अपेक्षित होते. तेव्हा ३० दिसले तर नग ठणठणीत आहे. ५२५ व्होल्टचा असेल तर ४०० वर जेमतेम ५८ टक्के हाती लागतात.

२२-२४ दिसत असतील, किंवा तीन फेजमध्ये तीन वेगळे आकडे येत असतील, तर कॅपॅसिटर झिजला आहे. आतली फिल्म छोटे पंक्चर स्वतःच बुजवते, पण दर वेळी थोडा धातू उडून जातो आणि कॅपॅसिटी घटते. त्यामुळे तो काही एका दिवसात मरत नाही, वर्षानुवर्षं बारीक होत जातो. दर तिमाहीला क्लॅम्प मीटरने प्रत्येक स्टेपचा करंट आणि त्या वेळचं व्होल्टेज वहीत लिहिलं, तर ही घसरण आपोआप दिसते.

१२. एपीएफसी पॅनेल (पीएफ पाहून स्टेप आपोआप लावणारं-काढणारं) नवं आहे, सगळ्या स्टेप लागतात, तरी पीएफ सुधारत नाही. काय तपासू?

दहापैकी बऱ्याचदा दोष कॅपॅसिटरमध्ये नसतो, सीटीमध्ये (करंट मोजायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) असतो.

एका वर्कशॉपमध्ये मला बोलावलं तेव्हा आठही स्टेपचे दिवे लागलेले होते आणि कंट्रोलरवर ०.७६ होतं. दोन कॅपॅसिटर "डुप्लिकेट" ठरवून बदलून झाले होते. पुरवठादाराशी भांडणही झालं होतं. मी कंट्रोलर मॅन्युअलला टाकून एक-एक स्टेप काढायला सुरुवात केली. कॉन्टॅक्टर खट्कन सुटायचा, दिवा विझायचा, पण आकडा ०.७६ चा ०.७६. आठही काढल्या तरी तो जागचा हलला नाही. मग मागचं दार उघडून सीटीच्या वायरचा माग काढला. सीटी बसबारच्या पुढच्या टोकाला होता, कॅपॅसिटरची टॅपिंग त्याच्या अलीकडून निघालेली. म्हणजे सीटीमधून फक्त लोडचा करंट जात होता, कॅपॅसिटरचा नाही. कंट्रोलरला आपण काय केलं हे कधी दिसतच नव्हतं, म्हणून तो बिचारा सगळं काही लावून बसला होता. सीटी इनकमरच्या (पॅनेलच्या मेन स्विचच्या) लगेच पुढे आणला, आठातल्या तीन स्टेप आपोआप सुटल्या.

सीटीतून लोड आणि कॅपॅसिटर दोघांचा करंट गेलाच पाहिजे, एवढं डोक्यात ठेवा. त्यानंतर फेज तपासा: बऱ्याच कंट्रोलरना सीटी आर फेजवर आणि व्होल्टेज वाय-बी मधून लागतं. फेज चुकला तर कोनच १२० अंशांनी सरकतो आणि आकडे वेड्यासारखे येतात. नंतर सीटीची दिशा, मग सीटी रेशो. २०० ॲम्पिअरच्या सीटीला कंट्रोलरमध्ये ४०० लिहिलं असेल तर तो दुप्पट लोड समजून स्टेप टाकत-काढत बसतो. हे सगळं बरोबर निघालं तर मग फ्यूज पाहा. दिवा लागणं म्हणजे कॉन्टॅक्टरला हुकूम गेला एवढंच, कॅपॅसिटर खरोखर करंट घेतोय की नाही ते क्लॅम्प मीटरच सांगतं.

कंट्रोलर काढण्याआधी सीटीची दुय्यम बाजू शॉर्ट करा. उघडी राहिली तर टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं.

१३. कॉस फाय ०.९९ दिसतो आणि दुसरं मीटर ०.९० दाखवतं. खरं कोणतं?

दोन्ही खरी आहेत, मोजतात वेगळं. पहिलं फक्त मूळ ५० हर्ट्झच्या लाटेतला कोन पाहतं. दुसरं एकूण किलोवॉट भागिले एकूण केव्हीए करतं, त्यात हार्मोनिक्सचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींचा करंटही येतो. ड्राइव्ह, यूपीएस, एलईडीचे ड्रायव्हर, संगणक असे लोड करंट सलग ओढत नाहीत, व्होल्टेजच्या माथ्याजवळ झटक्याने ओढतात. त्या झटक्यांमुळे २५० हर्ट्झचा पाचवा, ३५० चा सातवा असे करंट वायरमधून धावतात. ते केव्हीए वाढवतात, किलोवॉट जवळपास नाही.

करंटचा टीएचडी (मूळ लाटेच्या मानाने एकूण हार्मोनिक्स) ४५ टक्के असेल तर १ भागिले वर्गमूळ (१ + ०.४५ चा वर्ग), म्हणजे ०.९१. त्याला ०.९९ ने गुणलं की ०.९०. हे जे ०.९१ आलं, ते कॅपॅसिटर लावून सुधारत नाही. लाट मागे पडलेली नाहीये, तिचा आकारच बिघडलेला आहे. त्याला लाइन चोक, फिल्टर किंवा ॲक्टिव्ह फिल्टर लागतो. न्यूट्रलकडेही लक्ष ठेवा. सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक लोड जास्त असेल तर तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते, आणि न्यूट्रलचा करंट फेजपेक्षाही वर जाऊ शकतो.

१४. आमचे कॅपॅसिटर वर्षभरात फुगतात, फ्यूज जातात. चांगल्या कंपनीचे आहेत. असं का?

उष्णता आणि सततचं जास्त व्होल्टेज ही साधी कारणं आधी बाद करा. ती नसतील तर रेझोनन्स.

ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स आणि तुमची बँक मिळून एक ट्यून केलेलं सर्किट बनतं. त्याची फ्रिक्वेन्सी मूळच्या किती पट, हे शॉर्ट सर्किट केव्हीए भागिले केव्हीएआर यांच्या वर्गमुळाने मिळतं. १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर घ्या. शॉर्ट सर्किट पातळी २०,००० केव्हीए. बँक ४०० केव्हीएआरची असेल तर वर्गमूळ ५० चं, म्हणजे ७.०७. सातवा हार्मोनिक अलगद त्यावर येऊन बसतो. ८०० केव्हीएआर असेल तर वर्गमूळ २५ चं, बरोबर ५. ड्राइव्हने सोडलेला थोडासा पाचवा हार्मोनिक मग कित्येक पटींनी वाढतो आणि कॅपॅसिटर त्यात शिजतो. एपीएफसीमध्ये स्टेप बदलल्या की हा आकडाही सरकतो, म्हणून "कधी कधीच फ्यूज जातो" अशी तक्रार येते.

उपाय म्हणजे प्रत्येक स्टेपला सिरीजमध्ये डिट्यून्ड रिॲक्टर. ७ टक्क्यांचा घेतला तर रिॲक्टर आणि कॅपॅसिटरची जोडी १८९ हर्ट्झला ट्यून होते. त्याच्या वर, म्हणजे २५० आणि ३५० ला, ती कॅपॅसिटर म्हणून वागतच नाही, त्यामुळे त्या फ्रिक्वेन्सींना रेझोनन्स होण्याचा प्रश्न मिटतो. तिसरा हार्मोनिक भरपूर असेल तर १४ टक्के, १३४ हर्ट्झवाला. फक्त एवढं पाहा की रिॲक्टरमुळे कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं: ४०० भागिले ०.९३, म्हणजे ४३०. लाइनचं व्होल्टेज रात्री चढलं तर ४४० चा नग पुरणार नाही, ४८० किंवा ५२५ चा घ्या. आणि रिॲक्टरवाल्या स्टेपच्या शेजारी एखादी जुनी, रिॲक्टर नसलेली स्टेप राहू देऊ नका. काटकसर म्हणून ती ठेवली जाते आणि सगळ्यात आधी तीच जाते.

१५. पीएफ लीडला गेला तर बिघडतं काय? लॅग वाईट, मग लीड चांगलाच ना?

वायरच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, ०.९ लीडलाही करंट तेवढाच जास्त. भर म्हणजे व्होल्टेज चढतं. किती, ते ढोबळमानाने केव्हीएआर भागिले शॉर्ट सर्किट केव्हीए: वरच्या ट्रान्सफॉर्मरवर २०० केव्हीएआर सुटे राहिले तर एक टक्का. फार नाही, पण रात्री लाइन आधीच चढलेली असताना तोही खुपतो.

जनरेटरवर मात्र हा गंभीर मामला आहे. लीडिंग करंट अल्टरनेटरच्या फील्डला मदत करतो, व्होल्टेज वर जातं, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर) फील्ड कमी करत जातो आणि एका मर्यादेनंतर त्याच्या हाती काही उरत नाही. मग सेट ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. जनरेटरवर लोड गेला की कॅपॅसिटर बाहेर काढणारं इंटरलॉक म्हणूनच लावतात. तसाही अल्टरनेटर बहुधा ०.८ लॅगला बनवलेला असतो, केव्हीएआर तो स्वतः देऊ शकतो.

१६. सोलर बसवल्यापासून पीएफ पडला. इन्व्हर्टरमध्ये दोष आहे का?

नाही, गणितात आहे. समजा लोड १०० किलोवॉट आणि ४८ केव्हीएआर, पीएफ ०.९. सोलरने ७० किलोवॉट दिले. ग्रिडमधून आता ३० किलोवॉट येतात, पण ४८ केव्हीएआर तेवढेच. ३० आणि ४८ चा कर्ण ५६.६, पीएफ ०.५३. लोड बदलला नाही, केव्हीएआर बदलले नाहीत, तुम्ही फक्त वरचा आकडा लहान केला. उपाय दोन: केव्हीएआर शून्याजवळ आणा, म्हणजे पीएफ ०.९ वर न थांबता कॅपॅसिटर वाढवा, किंवा इन्व्हर्टरला रिॲक्टिव्ह द्यायला सांगा, आजकालचे बरेच इन्व्हर्टर ते करतात. एपीएफसीचा सीटी ग्रिडच्या बाजूला हवा. दुपारी वीज उलटी जात असेल तर चारही क्वाड्रंट (वीज येणं-जाणं आणि लॅग-लीड) ओळखणारा कंट्रोलर लागतो, जुना असेल तर गोंधळून सगळ्या स्टेप सोडून देतो.

१७. दिवसभर पॅनेलवर ०.९५ असतो, बिलात ०.७७ कसा येतो?

बिलातला पीएफ हा दिवसभरातल्या आकड्यांची सरासरी नसतो. महिन्याचे किलोवॉट-अवर आणि केव्हीएआर-अवर जमा होतात आणि शेवटी त्यांच्यातून एक आकडा निघतो. आता काही मीटर फक्त लॅगचे केव्हीएआर-अवर धरतात, काही लॅग आणि लीड दोन्हींची बेरीज करतात.

दिवसा दहा तास १०० किलोवॉट आणि ३३ केव्हीएआर लॅग: १००० आणि ३३०. रात्री चौदा तास ५ किलोवॉटचे दिवे, आणि कोणीतरी फिक्स कॅपॅसिटर चालू ठेवल्याने ४० केव्हीएआर लीड: ७० आणि ५६०. फक्त लॅग धरला तर १०७० ला ३३०, पीएफ ०.९६. दोन्ही धरले तर १०७० ला ८९०, पीएफ ०.७७. त्याच कारखान्याचा, त्याच दिवसाचा. कंट्रोलर फिक्स कॅपॅसिटर काढू शकत नाही, तो आपल्या स्टेपच तेवढ्या काढतो. फिक्स फक्त ट्रान्सफॉर्मरच्या नो-लोड केव्हीएआरपुरता ठेवा.

उलट, कॅपॅसिटर नसताना रात्री पीएफ ०.३ दिसला म्हणून घाबरू नका. पाच किलोवॉटचे दिवे आणि ट्रान्सफॉर्मरचे पंधरा केव्हीएआर मिळून तो तेवढाच येणार, आणि महिन्याच्या बेरजेत त्याचं वजन त्यामानाने थोडं असतं.

१८. स्पॉट वेल्डिंग आहे, लोड क्षणात येतो-जातो. एपीएफसी मागेच राहतं. काय करू?

कॉन्टॅक्टरची स्टेप एकदा सुटली की कॅपॅसिटर डिस्चार्ज होईपर्यंत ती पुन्हा लावता येत नाही, म्हणून कंट्रोलर मुद्दामच सावकाश असतो. त्याचा वेळ कमी करून वेग वाढवायला जाऊ नका, कॉन्टॅक्टरची टोकं चिकटतील. तुम्हाला थायरिस्टरने व्होल्टेजचा योग्य क्षण गाठून जोडलेल्या स्टेप हव्यात, किंवा एसव्हीजी, जो कॅपॅसिटरच्या पायऱ्यांऐवजी हवा तेवढाच रिॲक्टिव्ह करंट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तयार करतो.

१९. पॅनेलचा स्विच बंद केला. कॅपॅसिटरला लगेच हात लावला तर चालेल?

नाही. आत डिस्चार्ज रेझिस्टर असतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यांनी ३ मिनिटांत व्होल्टेज ७५ च्या खाली आणायला हवं, पण ७५ व्होल्टचाही झटका बसतो आणि जुन्या नगात एखादा रेझिस्टर तुटलेला असू शकतो. पाच मिनिटं थांबा, मीटरने तिन्ही जोड्या मोजा, मग इन्सुलेटेड दांड्याने शॉर्ट करून अर्थ करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे उस्ताद तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदा नीट पाहा, अर्ध वितळलेलं असतं.